गिअर कोण बदलतो?

श्रम कमी होणे म्हणजे प्रगती, असे आपण सारे गृहीत धरून चालतो. जात्याची जागा पिठाच्या गिरणीने घेतली, पाट्यावरवंट्याची मिक्सरने, धुण्याच्या दगडाची धुलाईयंत्राने. यांपैकी कोणत्याही बदलाबद्दल ते श्रम करणाऱ्या बाईने शोक केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अशा या जगात काही माणसे नेमक्या उलट दिशेने चालताना दिसली, तर त्यांना हसावे की त्यांच्यापासून काही शिकावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ज्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहोत ते जुन्या, नावाजलेल्या स्पोर्ट्स मोटारींचे मालक आहेत. आपोआप गिअर बदलणारी मोटार ते विकत घेतात आणि पदरचे पैसे मोजून तिच्यात हाताने बदलायचे गिअर बसवून घेतात.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण उल्हासनगरच्या एका गॅरेजात मेकॅनिक आहे. परदेशातील अशा कामांची चित्रे पाहून तो चक्रावला होता. एका रविवारी मिस्सा संपल्यावर त्याने आम्हांला विचारले, “फादर, सगळी दुनिया पैसे देऊन सोय विकत घेते. ही माणसं पैसे देऊन गैरसोय विकत घेतात. एवढ्या पैशांत एखाद्या गरिबाचं घर उभं राहिलं असतं. याला काय म्हणायचं? हौस, वेडेपणा की पाप?” मुलाचा प्रश्न साधा होता, पण सेमिनरीत शिकलेल्या नीतिशास्त्राची चांगली उजळणी करावयास लावणारा होता.

प्रथम मोटारीकडे पाहू. इंजिन एका ठराविक मर्यादेतच नीट काम करते. चढावर जोर लागतो, सपाटीवर वेग लागतो. इंजिनाची तीच शक्ती कधी जोराच्या तर कधी वेगाच्या रूपाने चाकांपर्यंत पोचवणे हे गिअरबॉक्सचे काम. गिअर बदलताना इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडून पुन्हा जोडावा लागतो. ते काम क्लच करतो. मोटारीच्या पहिल्या काळात हे कौशल्य फार कठीण होते. दातांवर दात घासून कर्कश आवाज होई. १९२८ साली कॅडिलॅक कंपनीने सिंक्रोमेश पद्धत आणली आणि गिअर सहज पडू लागले. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेच्या जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रा-मॅटिक आणला आणि क्लचचे पेडलच नाहीसे झाले. पुढे ही सोय ऐटबाज स्पोर्ट्स मोटारींतही शिरली. १९६१ साली जिनीव्हाच्या प्रदर्शनात अवतरलेली जॅग्वार ई-टाईप केवळ हाताच्या गिअरची होती. १९६६ साली तिच्या चार आसनी रूपात ऑटोमॅटिकचा पर्याय आला. १९७६ साली फेरारीने ‘४००’ ही गाडी काढली. तिच्यात अमेरिकन बनावटीचा तीन वेगांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळू लागला. १९९७ साली त्याच कंपनीच्या एफ ३५५ गाडीत क्लचचे पेडल काढून, चाकामागच्या पट्ट्या बोटांनी ओढून गिअर बदलण्याची व्यवस्था झाली.

आज याच जातीच्या गाड्या उलट्या बदलल्या जातात, आणि हे काम एखादा स्क्रू पिळण्याइतके सोपे नाही. तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर काढावा लागतो. त्याच्या पातळ चकतीच्या जागी जड फ्लायव्हील बसते, त्यावर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट. दोन पेडलांच्या जागी तीन येतात, म्हणून पेडलांची चौकट बदलते. नव्या गिअरबॉक्सची लांबी निराळी असली, तर मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा तोलून घ्यावा लागतो. गिअरच्या दांड्यासाठी तळाचा पत्रा कापावा लागतो. इतके सारे झाल्यावर मालकाच्या पदरात काय पडते? आजवर स्वस्थ बसलेल्या त्याच्या डाव्या पायाला काम मिळते, इतकेच.

आमच्या परिसराला यंत्रावर हात चालवणे नवे नाही. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी, फाळणीने घरदार हिरावलेल्या सिंधी बांधवांनी जे गाव उभे केले, त्याला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. मोडके ते दुरुस्त करणे आणि नाही ते घडवणे, या दोन विद्यांवर ते गाव जगले. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाईप फॅक्टरी यांनी लेथवर काम करणाऱ्या कुशल कामगारांच्या पिढ्या घडवल्या. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबप्रमुख होते. येथे फेरारी कोणाच्या दारात नव्हती. होती ती कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे. हौशी मालक गॅरेजात जाऊन तो खाली, दोन आसनांच्या मधे, बसवून घेत, कारण त्यामुळे गाडी जरा ‘स्पोर्टी’ वाटे. पद्मिनीचे उत्पादन केव्हाच बंद पडले आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सीही निवृत्त झाली. परंतु गाडी कशी चालावी यात आपल्या हाताला काही वाटा असावा, ही इच्छा केवळ श्रीमंतांची नाही, हे त्या दांड्यावरून ध्यानात येते.

ही इच्छा केवळ अहंकारातून येते काय? आम्हांला तसे वाटत नाही. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की माणूस घरे बांधून गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, आणि न्यायाची कृत्ये करूनच न्यायी होतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला. त्यांच्या मते सद्गुण म्हणजे वारंवार केलेल्या कृतीतून अंगी मुरलेली वृत्ती. ती मुरली म्हणजे चांगले कृत्य झटकन, सहज आणि आनंदाने घडते. येथे एक गंमत आहे. मुरबाडहून माळशेज घाट चढणारा कसलेला चालकही गिअर बदलताना विचार करीत नाही. इंजिनाचा आवाज बदलला की त्याचा हात आणि पाय आपोआप हलतात. त्याची गाडी ऑटोमॅटिक नाही. तो स्वतः त्या अर्थाने ऑटोमॅटिक झाला आहे. म्हणजे सहजता दोन प्रकारची ठरते. एक विकत घेतलेली, दुसरी कमावलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पहिलीत माणूस होता तसाच राहतो. दुसरीत तो घडतो.

१९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमांविषयी ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ हे परिपत्रक लिहिले. यंत्रविद्या ही माणसाची सहकारी आहे, हे त्यांनी निःसंशय मान्य केले. पण जेव्हा ती माणसाचे कामातील समाधान, त्याची कल्पकता आणि जबाबदारीची जाणीव हिरावून घेते, तेव्हा ती जवळजवळ त्याची वैरीण होते, असा इशाराही त्यांनी दिला. कामाचे मोल ठरवताना काय तयार झाले याआधी ते कोण करतो याकडे पाहावे, हे त्या परिपत्रकाचे सूत्र आहे. हाताच्या गिअरकडे परतणाऱ्या मालकाला हे सारे शब्दांत मांडता येणार नाही कदाचित. पण प्रवासी होऊन बसण्यापेक्षा चालक व्हावे, ही त्याची ओढ मानवी प्रतिष्ठेला धरून आहे. एवढ्यापुरते त्या तरुणाला आमचे उत्तर असे, की यात पाप नाही.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. याच परिसरातील गॅरेजांना उलट्या प्रकारचे कामही ठाऊक आहे. अपघातात किंवा पोलिओने पाय गमावलेल्या माणसासाठी मोटारीचा क्लच पायाऐवजी हाताने चालेल किंवा स्वयंचलित होईल, अशी व्यवस्था करून दिली जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात मनमानी फेरबदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. पण अपंग व्यक्तीच्या वापरासाठी गाडी अनुकूल करून घेण्यास त्याच कायद्यात वाट ठेवलेली आहे. कायदा येथे नकळत नीतिशास्त्र शिकवतो. एकाने क्लच बसवला, दुसऱ्याने काढला. दोघांचेही योग्य असू शकते. ज्याला पाय आहे त्याने तो वापरावा. ज्याला नाही त्याला यंत्राने पाय व्हावे. गुडघे झिजलेल्या एखाद्या आजोबांनी शिळफाट्याच्या कोंडीत दर दहा फुटांवर क्लच दाबीत बसावे, यात कोणताही सद्गुण नाही. तेव्हा भलेपणा हाताच्या गिअरमध्येही नाही आणि आपोआपच्या गिअरमध्येही नाही. तो बदल कोणासाठी आणि कोणाच्या जिवावर केला, यात आहे.

‘कोणाच्या जिवावर’ हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले आहेत. शौकिनाने रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर बदललेला गिअर आणि मालाने लादलेल्या टेम्पोच्या चालकाने दिवसभरात शेकडो वेळा बदललेला गिअर, यंत्रशास्त्राच्या दृष्टीने एकच. पण एक श्रम निवडलेला आहे आणि दुसरा लादलेला. उपवासकाळात स्वखुशीने एक जेवण सोडणे आणि घरात पीठ नाही म्हणून उपाशी झोपणे, यांत जितके अंतर आहे तितकेच यांतही आहे. निवडलेल्या श्रमाचे गोडवे गाताना लादलेल्या श्रमाचा विसर पडला, तर हौस निष्पाप राहत नाही. ज्या मिस्त्रीने पाठीवर झोपून, डोळ्यांत तेल गळत असताना तो गिअरबॉक्स चढवला, त्याची मजुरी वेळेवर दिली का, हा प्रश्न मालकाने स्वतःला गाडीत बसण्याआधी विचारावा.

आता गाडीतून उतरून घरात येऊ. घरभेटींना गेलो असता आमच्या एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. बदलापूरच्या एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कुटुंब राहते. पुरुष पहाटे लोकल पकडतो, रात्री परततो. त्याला डबा भरलेला मिळतो, सदरा इस्त्री केलेला मिळतो, मुलांचा अभ्यास झालेला असतो, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचे अंग पुसलेले असते. सारे कसे आपोआप! ‘आमच्या घरात सगळं व्यवस्थित चालतं, फादर,’ असे तो समाधानाने सांगतो, आणि ते खोटे नसते. पण ऑटोमॅटिक मोटारीत गिअर बदलणे थांबलेले नसते. ते केवळ दिसेनासे झालेले असते. झाकणाखाली, गरम तेलात, कोणीतरी ते करीतच असते. मोटारीत ते लोखंड करते. घरात ते एक माणूस करते. ती आई असते, पत्नी असते, कधी लग्न न झालेली बहीण असते, कधी दुसऱ्याच्या घरची कामवाली बाई असते. लोखंड थकले तर आवाज करते. माणूस पुष्कळदा आवाजही करीत नाही.

आमच्या मते या विषयातील खरा नैतिक प्रश्न हाच आहे. यंत्रावर भार टाकून मिळालेली सोय बहुधा निरुपद्रवी असते. माणसाला यंत्र करून मिळवलेली सोय तशी नसते. विकत घेतलेली सहजता आणि कमावलेली सहजता यांच्या जोडीला एक तिसरी सहजता आहे. तिची किंमत दुसरा कोणीतरी मोजतो आणि आपल्याला पावतीसुद्धा दिसत नाही. ज्याला आपल्या मोटारीतील ऑटोमॅटिक खुपते, त्याला आपल्या घरातील ऑटोमॅटिक खुपू नये, हे नवल आहे. मोटारीत ‘मी स्वतः करीन’ म्हणण्यात शान वाटते, आणि वडिलांचे पाय धुताना ‘ती करील’ म्हणण्यात संकोच वाटत नाही.

पाय धुण्याचा उल्लेख झालाच आहे, तर संत योहानच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय वाचकांना आठवावा. त्या काळी पाहुण्यांचे पाय धुतले जात. ते धुणाऱ्या दासाकडे कोणी पाहत नसे. जणू पाय आपोआपच स्वच्छ होत. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशू उठला, त्याने कमरेला टॉवेल बांधला आणि ते काम स्वतःच्या हाती घेतले. पेत्र गडबडला. त्याची अडचण आम्हांला समजते. जे आपोआप होते असे त्याला वाटत होते, ते कोणाच्या तरी हातांनी होते, हे त्याला प्रथमच दिसले. आणि ते हात गुरूचे होते. आपल्या चर्चमध्ये दर पवित्र गुरुवारी हा विधी होतो. तो वेदीपाशीच संपला, तर आपण तोही ऑटोमॅटिक करून टाकला असे म्हणावे लागेल.

येथे एखादा जाणकार वाचक विचारील, की संस्कारांचे काय? ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ साली सांगितले, की संस्कारांतील कृपा विधी करणाऱ्याच्या पुण्याईवर अवलंबून नसते. संस्कार यथाविधी झाला, की कृपा दिली जाते. मग कृपाही ‘आपोआप’ मिळते असे नव्हे काय? शंका योग्य आहे. परंतु ख्रिस्तसभेने हेही नेहमी शिकवले आहे, की कृपेचे फळ घेणाऱ्याच्या अंतःकरणाच्या तयारीनुसार येते. चालक इंजिनाची शक्ती निर्माण करीत नाही; ती त्याला दिलेली असते. पण क्लच सोडून त्या शक्तीला चाकांशी जोडणे त्याच्याकडे असते. इंजिन सुरू ठेवून न्यूट्रलमध्ये उभ्या असलेल्या गाडीचा आवाज मोठा असतो, पेट्रोलही जळते, पण ती जागची हलत नाही. पहिला कम्युनियन झाला, दृढीकरण झाले, आता मुलांची श्रद्धा आपसूक वाढेल. धर्मशिक्षणाच्या बाई आहेत, फादर आहेत, असे मानणाऱ्या पालकांनी या दृष्टांताचा विचार करावा. रात्री मुलाला जवळ घेऊन रोझरीचा एक दशक म्हणणे हा आईबापांचा क्लच आहे. तो दुसऱ्याने दाबून चालत नाही.

त्या तरुण मेकॅनिकला आम्ही अखेर काय सांगितले ते लिहून हा लेख आवरता घेतो. पहिली गोष्ट सत्याची. हाताच्या गिअरच्या जुन्या फेरारींना बाजारात अधिक किंमत येते, म्हणून बदललेली गाडी ‘मूळचीच अशी’ म्हणून विकली, तर ती चोरी आहे. काय बदलले ते कागदावर लिहून द्यावे, काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत. दुसरी गोष्ट कायद्याची आणि सुरक्षिततेची. असे काम हाती घेण्यापूर्वी कल्याणच्या परिवहन कार्यालयात जाऊन काय चालते आणि काय नाही ते विचारून घ्यावे. रस्त्यावर गाडी एकट्या मालकाची नसते, समोरून येणाऱ्याचा जीवही तिच्यावर अवलंबून असतो. तिसरी गोष्ट आम्ही त्याच्या गिऱ्हाइकाऐवजी त्यालाच विचारली. “तू दिवसभर दुसऱ्यांचे गिअर नीट करतोस. घरी गेल्यावर ताट कोण उचलतं?” तो हसला, आणि काही बोलला नाही. त्यानंतरच्या एका घरभेटीत त्याच्या आईने आम्हांला सांगितले, की आजीला रात्री औषध द्यायला हल्ली तोच उठतो, आणि तिला स्वतःला कितीतरी महिन्यांनी सलग झोप मिळू लागली आहे.

बदलापूर या नावाची एक कथा येथील जुनी माणसे सांगतात. मराठ्यांच्या काळी या वाटेने जाणारे स्वार येथे थांबत, थकलेले घोडे सोडून ताजे घेत, आणि म्हणून हे बदलापूर. कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरेल ते विद्वानांनी ठरवावे. तिच्यातला विवेक मात्र खरा आहे. घोडा थकला आहे हे पाहणे, ही बदलाची पहिली पायरी. वाचकहो, आज रात्री जेवण झाल्यावर आपापल्या घरात एकदा पाहावे, कोण थकले आहे. मग त्याच्या हातातले एक काम काढून आपल्या हाती घ्यावे. उद्याही घ्यावे, परवाही घ्यावे. आरंभी हात अडखळेल, दातांवर दात घासतील. सवय झाली म्हणजे ते सहज होईल, आणि ती सहजता आपली स्वतःची असेल.